गोलीचा गुडघा आणि बाकीचे पाय

आईस हॉकीत खेळाडूला नेमकं काय झालंय ते कोणी सांगत नाही. प्लेऑफ, म्हणजे मोसमाअखेरचे चषकासाठीचे सामने, सुरू झाले की तर विचारायलाच नको. संघाकडून एका ओळीचं निवेदन येतं, 'वरच्या अंगाची दुखापत' किंवा 'खालच्या अंगाची दुखापत', आणि विषय संपला. कंबर ही सरहद्द. दुखणं तिच्या अलीकडे की पलीकडे, एवढंच जनतेला कळतं. यामागचं कारण पटण्यासारखं आहे: डावा खांदा दुखतोय हे समोरच्यांना कळलं तर ते नेमके त्याच खांद्यावर येऊन आदळतील. पण त्या एका ओळीवर अख्ख्या शहराला आठवडा काढायचा असतो, त्याचं काय? मग शहरच डॉक्टर होतं.

२०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत कॅनडातल्या व्हँकुव्हरचं असंच झालं होतं. आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एरवी घरांच्या किमती आणि पाऊस यापलीकडे गप्पा जात नाहीत. त्या दिवसांत अकाउंट्समधले एक गृहस्थ टिशू पेपरवर गुडघ्याची आकृती काढून मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली कूर्चा, कुठे असतो ते समजावत होते. ज्यांना स्वतःचं ब्लडप्रेशर सांगता येणार नाही अशी माणसं दुसऱ्याच्या स्नायूंवर अधिकारवाणीने बोलत होती. 'सहा आठवडे', 'छे, आठ', 'माझ्या मेव्हण्याला असंच झालं होतं'. गुडघा होता थॅचर डेम्कोचा आणि डेम्को होता व्हँकुव्हर कनक्स या संघाचा गोली, म्हणजे गोलरक्षक.

ज्यांचा या खेळाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नॅशनल हॉकी लीगमध्ये ३२ संघ. त्या मोसमात ऑक्टोबर ते एप्रिल प्रत्येकाने ८२ सामने खेळायचे, त्यातले १६ संघ प्लेऑफला जातात. तिथून पुढे चार फेऱ्या, प्रत्येक फेरीत सातपैकी चार सामने जिंकायचे. म्हणजे स्टॅन्ली कप, लीगचा चषक, हवा तर दोन महिन्यांत १६ विजय. कनक्स १९७० पासून लीगमध्ये आहेत आणि कप एकदाही मिळालेला नाही. अंतिम फेरीत तीनदा गेले, १९८२, १९९४ आणि २०११ मध्ये. शेवटच्या दोन्ही वेळा सातव्या सामन्यात हरले, आणि दोन्ही वेळा शहराच्या मध्यवस्तीत दंगल झाली. एरवी रांग मोडली तरी 'सॉरी' म्हणणाऱ्या या गावाने हॉकीपायी गाड्या जाळल्या आहेत.

२०२३-२४ च्या हंगामात या संघाकडून कोणालाच फारशी अपेक्षा नव्हती. आणि तो चक्क सुटला. ५० विजय, १०९ गुण, पॅसिफिक विभागात पहिला. ब्रॉक बेसरने ४० गोल केले, कर्णधार क्विन ह्यूज लीगमधला सर्वोत्तम बचावपटू ठरला, रिक टॉकेट सर्वोत्तम प्रशिक्षक. आणि या सगळ्यांच्या मागे डेम्को, ३५ विजयांसह, त्या वर्षीच्या सर्वोत्तम गोलीच्या निवडीत दुसरा. घरच्या प्रेक्षकांसमोर प्लेऑफचा सामना होण्याची २०१५ नंतरची ही पहिलीच वेळ. मधल्या काळात २०२० साली संघ प्लेऑफला गेला होता, पण ते करोनाचं वर्ष; सगळे सामने एडमंटनच्या रिकाम्या रिंकमध्ये.

मार्चच्या सुरुवातीला विनिपेगविरुद्धच्या सामन्यात डेम्को अर्ध्यातून उठून आत गेला आणि महिनाभर दिसलाच नाही. हंगाम संपता संपता परत आला. २१ एप्रिलला नॅशव्हिल प्रेडेटर्सविरुद्ध पहिला प्लेऑफ सामना जिंकूनही दिला. दुसऱ्या सामन्याच्या दिवशी बातमी आली: डेम्को खेळणार नाही.

*

माझं माहेर खडकीचं. आमच्याकडे हॉकी म्हणजे गवतावरची, नंतर टर्फवरची. धनराज पिल्ले खडकीचा, आणि तो मोडक्या स्टिकनी खेळत मोठा झाला ही गोष्ट आमच्या भागातल्या प्रत्येक बापाने आपल्या पोरांना सांगितलेली आहे. माझे बाबा दारूगोळा कारखान्यात होते आणि संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभं राहून सामने पाहायचे. कोणताही संघ दिसला की त्यांचं एकच: आधी गोली बघायचा. फॉरवर्ड काय, दिवस चांगला असला की कोणीही चमकतो. गोलीचा मात्र वाईट दिवस बघायचा, मग संघ किती पाण्यात आहे ते कळतं.

मी कॅनडात आल्यावर बर्फावरच्या हॉकीबद्दल सांगितलं तेव्हा त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. "गोल केवढा असतो?" एवढंच विचारलं. सहा फूट रुंद, चार फूट उंच, असं सांगितल्यावर हसले. आपल्या हॉकीचा गोल बारा बाय सात. "अगं, एवढ्याशा गोलात मांडी घालून बसलं तरी भागेल की." मग मी त्यांना व्हिडिओ दाखवले. तीन इंच व्यासाची, गोठवून दगड केलेली रबराची चकती ताशी दीडशे किलोमीटरच्या वर वेगाने येते, गोलीच्या डोळ्यांसमोर चार-पाच धटिंगण मुद्दाम उभे असतात, आणि त्यांच्या पायांतून ती चकती त्याला दिसायला हवी. बाबा बराच वेळ बघत राहिले. नंतर म्हणाले, "हा गुडघे असे बाहेर फेकून बसतो, त्याचे सांधे राहतात कसे?"

खरं तर राहतच नाहीत. आजचा जवळपास प्रत्येक गोली त्या 'बटरफ्लाय' पद्धतीने खेळतो: दोन्ही गुडघे बर्फावर, पोटऱ्या दोन्ही बाजूंना फाकलेल्या, म्हणजे खालची सगळी जागा बंद. मांडीचं हाड खुब्यात आतल्या बाजूला वळतं आणि गुडघा त्याला विरोध करतो. हे एका सामन्यात कितीतरी वेळा, शिवाय रोजच्या सरावात, आणि तेही लहानपणापासून. त्यामुळे गोलीची दुखापत सरहद्दीच्या खालची असणार हे कळायला डॉक्टर लागत नाही.

आमची संध्याकाळ म्हणजे पुण्याची सकाळ. बाबांना सकाळच्या चहाबरोबर फोनवर स्कोअर बघायची सवय लागली. डेम्को हे नाव काही त्यांच्या जिभेवर बसलं नाही, 'आपला तो' यावर भागायचं. नंतर फोन आला की तब्येत, भाजी, पाणी यांच्या आधी प्रश्न: "काय गं, आपल्या त्याचा गुडघा काय म्हणतोय?"

*

इतर खेळाडू जखमी झाला तर संघ सावरून घेतो. बर्फावर एकावेळी पाच जण आणि गोली. बाकांवर आणखी तेरा. पाऊण मिनिटाला पाळी बदलते. एक जण कमी झाला की प्रशिक्षक इकडचा तिकडे करतो, दुसऱ्याला थोडा जास्त वेळ देतो, फाटलेलं शिवून घेतो. गोलीच्या बाबतीत ही सोय नाही. तो साठ मिनिटं उभा. त्याचं काम वाटून देता येत नाही. सामन्याला दोन गोली कपडे करून बसतात. तिसऱ्याचा चेहरासुद्धा पुष्कळांना ठाऊक नसतो.

(दोघंही जायबंदी झाले तर? त्याचीही सोय होती. तेव्हा रिंकवर एक हौशी गोली राखीव असायचा, जो संघ मागेल त्याच्याकडून उभा राहायचा. २०२० च्या फेब्रुवारीत टोरांटोला कॅरोलिनाचे दोन्ही गोली पडले, तेव्हा डेव्हिड एअर्स नावाचा ४२ वर्षांचा माणूस गोलात उतरला. बर्फ सपाट करणारं झांबोनी यंत्र चालवलेला माणूस. पहिल्या दोन शॉट्सवर दोन गोल खाल्ले, नंतरचे आठही अडवले आणि कॅरोलिना जिंकली. ही गोष्ट कॅनडात कोणत्याही वयाच्या माणसाला सांगा, तो खुलतो. फक्त टोरांटोवाल्यांना सांगू नये.)

व्हँकुव्हरला गोलींबद्दल जास्तच धास्ती. या शहराला गोलींचं स्मशान म्हणतात. रोबेर्तो लुआँगोचं उदाहरण इथे अजून निघतं. २०११ च्या अंतिम फेरीत त्याने बॉस्टनला घरच्या मैदानावर दोनदा शून्यावर ठेवलं, दोन्ही सामने १-० ने जिंकून दिले. आणि त्याच फेरीत बॉस्टनला जाऊन ८-१, ४-० आणि ५-२ असे हरलेही. आज त्याचं नाव काढलं की समोरच्याला आधी कोणते सामने आठवतात, यावरून त्या माणसाचा स्वभाव ओळखावा.

पण २०२० चंही एक उदाहरण होतं आणि ते सोयीस्करपणे मागे पडलं होतं. त्या वर्षी वेगासविरुद्धच्या फेरीत मुख्य गोली याकोब मार्कस्ट्रॉम जखमी झाला आणि संघ १-३ असा मागे असताना एका नवख्या पोराला उभं केलं. त्याने तीन सामन्यांत १२५ पैकी १२३ शॉट्स अडवले. संघ सातव्या सामन्यात हरला, पण तो पोरगा शहराचा लाडका झाला. तोच डेम्को. म्हणजे ज्याच्या गुडघ्यासाठी सगळे देव पाण्यात घातले होते, तो स्वतः कोणाच्या तरी दुखापतीतूनच वर आला होता.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक कॅनेडियन आजी राहतात. त्यांच्या खिडकीत प्लेऑफच्या दिवसांत एक जुना पांढरा टॉवेल लटकतो, १९८२ चा. त्या वर्षी शिकागोत पंचांच्या निर्णयांना वैतागून प्रशिक्षक रॉजर नीलसनने स्टिकच्या टोकाला पांढरा टॉवेल अडकवून 'शरण आलो बाबा' अशी नक्कल केली. पुढच्या सामन्याला व्हँकुव्हरचे प्रेक्षक टॉवेल घेऊनच आले आणि तेव्हापासून ती प्रथा पडली. नीलसनचा टॉवेल धरलेला पुतळाच आता रिंकबाहेर उभा आहे. जगात शरणागतीची खूण मिरवणारे चाहते बहुधा हेच. या आजींपुढे "दुसऱ्या फेरीत आपण" असं वाक्य सुरू केलेलं चालत नाही. हात वर करून थांबवतात. आमच्या आजीने 'दृष्ट लागेल' म्हटलं असतं. या काहीच म्हणत नाहीत, पण अर्थ तोच.

व्हँकुव्हरजवळच्या सरी या पंजाबी वस्तीच्या शहरात मात्र मामला उलटा. स्कॉट रोड आणि बहात्तरावा अव्हेन्यू जिथे मिळतात त्या चौकात कनक्स जिंकले की ढोल निघतात, गाड्यांच्या टपावर पोरं बसतात, रात्री उशिरापर्यंत हॉर्न चालू. पंजाबीतून हॉकीचं समालोचन २००८ पासून होतंय आणि हरनारायण सिंगचा आवाज इथल्या घराघरात ओळखीचा आहे. तिथल्या एका मिठाईच्या दुकानात मी दर आठवड्याला जाते. कोपऱ्यातल्या टेबलावर तीन अंकल ठरलेले असतात. दुसऱ्या सामन्यात बदली गोली केसी डिस्मिथ उभा राहिला आणि आपण ४-१ ने हरलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेले तर तिघंही सुतकात. एकाने माझ्याकडे बघून विचारलं, "बेटा, तीसरा वाला कौन है?"

*

तिसरा सामना नॅशव्हिलला. आपण २-१ ने जिंकलो. डिस्मिथने ३० पैकी २९ शॉट्स अडवले. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे डिस्मिथ, डिस्मिथ. आणि आपल्या संघाने साठ मिनिटांत समोरच्या गोलावर फक्त १२ शॉट मारले होते. बारा! जिंकल्यामुळे त्याबद्दल कोणी फारसं बोललं नाही. मला वाटतं, त्या वसंतातली खरी बातमी तो आकडा होता. पण सगळ्यांची मान आपल्या गोलाकडे वळलेली.

मग चौथ्या सामन्याच्या आधी डिस्मिथही गेला. किरकोळ काहीतरी, पण खेळता येणार नाही. आणि तीसरा वाला कौन या प्रश्नाचं उत्तर मिळालं: आर्तुर्स शिलोव्स, वय २३, गाव रिगा, लॅटव्हिया. लीगमधल्या नेहमीच्या सामन्यांचा एकूण अनुभव नऊ.

त्या दिवशी ऑफिसात गुडघा मागे पडला आणि भूगोल पुढे आला. लॅटव्हिया कुठे, लोकसंख्या किती (वीस लाखांच्या आत), तिथे हॉकी कशी. आणि मग २०२३ च्या जागतिक स्पर्धेची गोष्ट निघाली. रिगा सहयजमान होतं. लॅटव्हियाने त्या स्पर्धेत याआधी कधी पदक जिंकलं नव्हतं. त्या वर्षी अमेरिकेला ओव्हरटाइममध्ये हरवून कांस्य जिंकलं आणि शिलोव्स स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या रात्री देशाची संसद मध्यरात्री बसली, दुसऱ्या दिवसाची सुट्टी मंजूर करायला.

हे बाबांना सांगितलं. "संसद बसवली?" बाबा म्हणाले. "मग त्याला नॅशव्हिलची काय भीती घालता!"

चौथ्या सामन्यात तीन मिनिटं उरली असताना आपण १-३ मागे होतो. बेसरने लागोपाठ दोन गोल केले, दुसरा तर घड्याळात काहीच सेकंद उरलेले असताना, हॅट्ट्रिक पूर्ण झाली आणि ओव्हरटाइमच्या दुसऱ्याच मिनिटाला एलियास लिंडहोमने सामना संपवला. पाचवा हरलो. सहाव्यात शिलोव्सने एकही गोल होऊ दिला नाही आणि शेवटच्या दोन मिनिटांत पीयूस सूटरच्या गोलवर आपण १-० ने फेरी जिंकली. एका फेरीत तीन गोली आणि तिघांच्याही नावावर विजय. स्कॉट रोडवर त्या रात्री गाडी काढायची नव्हतीच. आम्ही चालत गेलो.

*

दुसरी फेरी एडमंटनशी. तिकडे कॉनर मॅकडेव्हिड आणि लिऑन ड्रायसायटल, म्हणजे गोलीची झोप उडवणारी जोडी. एडमंटनला माझी मावसबहीण असते. तिच्याशी रोज बोलणं व्हायचं आणि गंमत अशी की ती माझीच वाक्यं मला ऐकवायची. त्यांचा गोली स्टुअर्ट स्किनर ढेपाळला होता. पहिल्या सामन्यात ४-१ अशी आघाडी असून ५-४ ने हरले. तिसऱ्यात आपण जेमतेम १८ शॉट मारले आणि त्यांतले चार आत गेले. प्रशिक्षकाने स्किनरला बसवून पुढच्या सामन्याला कॅल्व्हिन पिकार्डला उभं केलं, ज्याने प्लेऑफचा सामना त्याआधी कधी सुरुवातीपासून खेळलेलाच नव्हता. बहीण म्हणाली, "ताई, तुमचा तिसरा आमच्या पहिल्यापेक्षा बरा. अदलाबदल करता का?"

दोन्ही गावांत दोन्ही गोलींची एवढी चिंता, आणि दोघींनाही वाटायचं की दुखणं आपलंच मोठं. तिसऱ्या सामन्यात शिलोव्सने ४५ पैकी ४२ अडवले. चौथा त्यांनी शेवटच्या मिनिटात जिंकला, पाचवा आपण शेवटच्या मिनिटात. फेरीत ३-२ असे पुढे. आजींनी टॉवेल धुवून वाळत घातलेला मी पाहिला. तोंडाने मात्र काही नाही.

सहावा सामना ५-१ ने गेला. स्किनर परत आला होता. आणि त्यानंतर बेसरबद्दलची बातमी आली. या वेळी वरचं अंग-खालचं अंग असं कोड्यात राहिलं नाही. पायात रक्ताची गुठळी, सातवा सामना खेळणार नाही. तोवर प्लेऑफच्या १२ सामन्यांत त्याचे सात गोल होते. ऑफिसात जेवणाच्या टेबलावर कोणी टिशू पेपर काढला नाही. गुठळी म्हटल्यावर सामना कोणाच्या डोक्यात राहतो? 'पोरगं बरं होऊ दे' एवढंच बोलून सगळे आपापल्या जागेवर गेले.

सातवा सामना, २० मे. तीनपैकी दुसऱ्या पिरियडच्या शेवटी ०-३. तिसऱ्यात कॉनर गार्लंडने एक केला, फिलिप ह्रोनेकने दुसरा, आणि जवळपास एकोणीस हजारांच्या रिंकमध्ये टॉवेलांखेरीज काही दिसेना. २-३ वर संपला. शिलोव्सने २६ अडवले. आणि आपण साठ मिनिटांत किती मारले? १७. मोसमातला सगळ्यात मोठा सामना, घरचं मैदान, समोर ज्याच्या नावाने त्याचंच गाव बोटं मोडत होतं तो गोली, आणि १७ शॉट. स्किनरला सतरांतले पंधरा अडवून फेरी जिंकता आली.

*

मोसम संपला की दोन-तीन दिवसांनी खेळाडू लॉकर आवरतात आणि पत्रकारांशी बोलतात. तेव्हा सरहद्द उठते. आता लपवून उपयोग नसतो, म्हणून कोणाची बरगडी, कोणाचं बोट, सगळं बाहेर येतं. त्या दिवशी एलियास पेटरसनने सांगितलं की त्याचा गुडघा जानेवारीपासून त्रास देत होता.

पेटरसन हा संघाचा सगळ्यात महागडा मोहरा. मार्चमध्येच त्याने आठ वर्षांचा करार केला होता, वर्षाला १ कोटी १६ लाख डॉलर. मोसमात ८९ गुण (गोल आणि दुसऱ्यांच्या गोलला केलेली मदत मिळून). आणि प्लेऑफच्या १३ सामन्यांत गोल एकच. महिनाभर लोक त्याला काय काय बोलले होते! पैसे मिळाले, भूक संपली. मोठ्या सामन्याला घाबरतो. स्वीडनला पाठवा परत. सरीच्या मिठाईच्या दुकानात तर त्याचं नाव घेतलं की एक अंकल नुसतेच हवेत हात उडवायचे.

म्हणजे पूर्ण शहर एका गुडघ्याची काळजी करत होतं आणि संघाच्या अपयशात हात होता दुसऱ्याच गुडघ्याचा. निदान काही अंशी. गोली न खेळला की ते झाकता येत नाही. मुखवट्यामागे दुसरं डोकं असतं, पाठीवर दुसरा आकडा. पेटरसन मात्र रोज संध्याकाळी कपडे करून बर्फावर येत होता. तो उभा आहे ना, मग त्याच्या पायाकडे कोण बघणार? त्याचं न धावणं हे आम्हाला दुखणं वाटलंच नाही, स्वभाव वाटला. जो बसला त्याला सहानुभूती, जो दुखऱ्या पायावर उभा राहिला त्याला शिव्या. हॉकीत दुखणं लपवून खेळण्याचं फार कौतुक आहे, पण ते कौतुक जिंकणाऱ्याच्याच वाट्याला येतं.

शिलोव्सची आकडेवारी पुढे शांतपणे पाहिली तर तीही काही दैवी नाही. दहा सामने, पाच जिंकले, पाच हरले, शंभरातले नव्वदही पूर्ण अडवले नाहीत. पण तिसऱ्या गोलीकडून एवढंच हवं असतं की त्याने घर पडू देऊ नये. ते त्याने पडू दिलं नाही. छप्पर समोरच्या बाजूने गळत होतं.

हे मी ऑफिसात मांडलं तेव्हा अकाउंट्समधल्या गृहस्थांना पटलं नाही. त्यांचं म्हणणं, गुडघा ही नंतरची सबब. डेम्को असता तर एडमंटनविरुद्धचा दुसरा आणि चौथा सामना गेलाच नसता आणि सातव्याची वेळच आली नसती. आणि पुढच्या मोसमाने त्यांना थोडं बळही दिलं. पेटरसनचे ८९ वरून ४५ गुण झाले, तेव्हा नुसत्या गुडघ्यावर किती ढकलायचं? मी त्यांचं म्हणणं खोडू शकत नाही. फक्त एवढंच विचारते की डेम्को असता तरी १७ शॉटचे २० झाले असते का? त्यावर ते कॉफी आणायला उठतात.

डेम्कोचा गुडघा पुढेही बरेच दिवस पुरला. त्या सप्टेंबरात त्यानेच सांगितलं की दुखापत गुडघ्यामागच्या पॉपलिटिअस नावाच्या छोट्या स्नायूची आहे, आणि हॉकीपटूला अशी दुखापत झाल्याचं डॉक्टरांच्या ऐकिवात नाही. टिशू पेपरवर महिनाभर जे काढलं गेलं त्यात हा स्नायू एकदाही नव्हता. डिसेंबरपर्यंत तो खेळला नाही. तोवर फिनलंडचा केव्हिन लँकिनेन आणला, तो छान खेळला, आणि तरीही २०२५ च्या प्लेऑफला संघ पोचला नाही. ९० गुण झाले, कमी पडले.

शिलोव्सला त्या मोसमात जम बसवता आला नाही म्हणून खाली, कनक्सच्याच ॲबट्सफर्डच्या दुय्यम संघात धाडलं. ॲबट्सफर्ड इथून गाडीने तासाभरावर. तिथे त्याने २०२५ च्या जूनमध्ये संघाला काल्डर कप, त्या खालच्या लीगचा चषक, जिंकून दिला आणि प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. कनक्सच्या घरात आलेला मोठा चषक म्हणावा तर हाच, जरी धाकट्याच्या नावावर. महिनाही झाला नाही तोच जुलैमध्ये त्याला पिट्सबर्गला देऊन टाकला. मिठाईच्या टेबलावर तेव्हापासून दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, पोराला मोकळं केलं ते बरं, इथे तिसराच राहिला असता. दुसरा म्हणतो, या संघाला आपल्या घरात काय आहे ते कधी कळलंय? तिसरे अंकल दोघांनाही जलेबी खायला सांगतात.

बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांना आधी पटेचना. कप जिंकून देणारा गोली देऊन टाकतात? मग बराच वेळ तिकडून कपबशीचाच आवाज. आणि मग, "बरं, गेला तर गेला. आता दुसरा कोण आहे तुमच्याकडे? त्याचे गुडघे कसे आहेत?"